पांढरमाळावरचा वारा

पुणे, ३ नोव्हेंबर १९८६

सत्यशीलावहिनी,

काल सुखरूप पोचले. खांब उभा करताना सगळी धावपळ झाली आणि आमच्या माणसांनी तुम्हाला अर्धं इंग्रजीत सांगितलं, म्हणून पुन्हा लिहिते.

खांबाच्या टोकावर जो बाण आहे, तो वारा येतो तिकडे तोंड करतो. बाण हलला की खाली पेटीतली लेखणी कागदावर हलते. कागद घड्याळासारख्या यंत्रावर हळूहळू सरकत राहतो. तुम्ही रोज सकाळी चावी द्यायची, शाई आहे का बघायचं, आणि गुंडाळी संपली की नवी लावून जुनी टपालानं मला पाठवायची. वर तारीख टाका. वस्तीत सातवीपर्यंत शिकलेल्या तुम्ही एकट्याच, म्हणून हे काम तुमच्याकडेच दिलं.

मामानं परत परत विचारलं, हे सगळं कशासाठी. त्याला सांगा, शेजारच्या कीडनाशकाच्या कंपनीला आणखी मोठा कारखाना बांधायचा आहे. भोपाळला जे झालं त्यानंतर सरकार म्हणतं, आधी तिथला वारा तपासा. वारा झोके घेत वाहत असेल तर हवेत सुटलेलं विष विरून जातं. झोके नसतील तर ते तसंच पुढच्या घरापर्यंत जातं. ते मोजायचं काम आमच्या संस्थेकडे आलं, आणि जागा निघाली ती आपला पांढरमाळ. आई गेल्यावर मामानं मला स्वतःच्या मुलाबरोबर, कडूबादादांबरोबर, त्याच माळावर वाढवलं. मेंढरांमागून काढून शाळेत घातलं तेही त्यानंच. दुसऱ्या कुणाच्या हातात हे काम जाऊ नये म्हणून मी ते मागून घेतलं.

आणि तो विजेचा खांब नाही, हेही मामाला सांगा. मी निघाले तेव्हा तो लोकांना विजेचा खांब म्हणूनच सांगत होता.

तुमची,
रत्नमाला


पांढरमाळ, २६ नोव्हेंबर १९८६

वन्सं,

पैली गुंडाळी धाडते. पेटी उघडायचं भ्या वाटायचं, आता सवय झाली. वस्तीतल्या बाया म्हणतेत, सत्यशीला सरकारी नोकरीला लागली.

मामायला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते रोज सांजच्याला खांबापाशी जाऊन बसतेत. आल्यागेल्याला सांगतेत, सरकारनं आपल्या माळावर मेख ठोकली, आता वस्ती कुठं जात नाय. मी म्हणलं, मामा, ते वारा मोजायचं हाय. तर म्हणले, "मोजू दे की. ज्याचं मोजतेत त्याला कोण उठवतं?"

औंदा पाऊस झालाच नाय. विहिरीत बुडाला गढूळ पाणी हाय, ते बी वस्तीला पुरत नाय. मेंढरं कंपनीच्या भिंतीकडं पळतेत. तिथं भिंतीखालून पाणी झिरपतं, तेवढंच हिरवं दिसतं. तुमचे कडूबादादा हाकलून हाकलून दमले.

कागदावर रेघ कुठं जाड हाय, कुठं बारीक. कामून तसं, ते कळवा. नुस्ती चावी देऊन जीव भरत नाय.

सत्यशीला


पुणे, १८ डिसेंबर १९८६

वहिनी,

गुंडाळ्या छान आल्या. तारखा, अक्षर, सगळं स्वच्छ.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुपारी जमीन तापते, हवा उकळत्या पाण्यासारखी वरखाली होते, बाण एका जागी ठरत नाही. मग रेघेचा रुंद पट्टा होतो. त्याला आम्ही 'अ' वर्ग म्हणतो. त्याहून कमी झोके असले तर 'ब'. आभाळ भरलेलं आणि वारा जोराचा असला की रेघ दोरखंडासारखी भरीव होते, तो 'क'. दिवस मावळला की जमीन गार पडते, वारा नुसता सरपटत येतो, त्याच्यात झोका म्हणून नसतो. तेव्हा रेघ केसासारखी उमटते. तो 'ड'. उंच धुराड्याचा धूर त्या वेळी वरच्यावर निघून जातो. पण जमिनीलगत काही सुटलं तर ते पातळ होत नाही. दोरी सोडावी तसं सरळ पुढे जातं.

तुमच्या कागदावर संध्याकाळपासून सकाळपर्यंत रेघ फारच बारीक आहे. आमचे प्रमुख तात्यासाहेब म्हणाले, "बाण अडकला असणार. हा भाग टाकून द्या." मी म्हणाले, आधी घरी विचारते. कडूबादादांना एकदा वर चढून बाण फिरतो का बघायला सांगा. जपून चढू द्या.

थंडीत मामाची प्रकृती कशी आहे? तुम्ही त्याच्याबद्दल काही लिहीत नाही.

रत्नमाला


पांढरमाळ, २७ जानेवारी १९८७

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. कारण सांगते, पण आधी तुमचं काम. दादा वर चढले व्हते. बाण फुंकरीनं फिरतो. अडकलेला नाय. आपला वाराच रातचा तसा हाय.

गेल्या बुधवारी सूर्य निघायच्या आधी कंपनीकडून वास आला. सडक्या लसणावानी. दिसत काहीच नव्हतं, धूर नाय, धुकं नाय. मामा मेंढरांची जाळी सोडायला गेलते. मी चावी द्यायला निघाले तर मेंढरं उभ्या उभ्या गुडघ्यावर बसायला लागली. मामा जाळीला धरून खोकत व्हते. डोळ्यात तिखट पडल्यावानी झालं. मी वर बघितलं. बाण कंपनीकडं तोंड करून थिजल्यावानी उभा. मी वरडले, म्हणलं गावाकडं पळू नका, ते मागून येतंय, आडवं पळा, टेकाडावर चढा. दादांनी मामायला पाठीवर घेतलं. माणसं वाचली. निम्मी मेंढरं गेली.

मामा दवाखान्यात व्हते, आता घरी आणलेत. बोलताना दम लागतो. खोकला त्यायला दिवाळीपासूनच व्हता. तुम्हाला काळजी नको म्हणून लिवलं नाय.

कंपनीचे साहेब गाडी घेऊन आलते. म्हणले, मेंढरांनी भिंतीखालचं घाण पाणी पिलं, आमचा काही संबंध नाय. दादा म्हणले, "आन माणसं खोकतेत ती?" तर म्हणले, थंडी हाय.

त्या दिवसाची गुंडाळी संग धाडते. त्या दिवशी बी चावी दिली व्हती. उशिरा दिली, पण यंत्र बंद पडू दिलं नाय.

सत्यशीला


पुणे, ९ फेब्रुवारी १९८७

वहिनी,

पत्र वाचून मी पिशवी भरली. निघणार होते, पण तुम्ही मामा घरी आल्याचं लिहिलंत म्हणून थांबले, आणि ती गुंडाळी घेऊन बसले.

त्या पहाटेची रेघ एकसारखी बारीक आहे. कुठं फाटा नाही, कुठं कंप नाही. दिशा सरळ कंपनीकडून वस्तीकडे. उन्हं चढली तशी ती हळूहळू रुंद होत गेली. तुम्ही टेकाडावर होता तेव्हा वास कमी झाला असेल, तो त्यामुळे. तात्यासाहेबांपुढे कागद पसरला. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "बाण अडकला नव्हता तर," एवढंच म्हणाले.

वहिनी, आता हे तोंडी राहिलं नाही. कंपनी पाण्याचं काय ते सांगू दे. हिवाळ्यात तुमच्या माळावर रात्रीमागून रात्री 'ड' वर्गाच्या जातात. अशा जागी विषाचा कारखाना दुप्पट करा असं कुणी म्हणू शकणार नाही. वर्ष पूर्ण झालं की अहवाल सरकारकडे जाईल. मामाला सांगा, तेवढं थांब. मी लिहिणार आहे आणि खरं तेच लिहिणार आहे.

त्याला पहाटे बाहेर निघू देऊ नका.

रत्नमाला


पांढरमाळ, ४ मे १९८७

वन्सं,

उरलेली मेंढरं मामांनी वेरूळच्या बाजूच्या एका माणसाला देऊन टाकली. चारा नाय, पाणी नाय, आन मामांच्यानं मागं चालवत नाय. ज्या दिवशी नेली त्या दिवशी मामा जेवले नाय. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन उठले, दारापातूर गेले, मग ध्यानात आलं आन परत बसले.

दादा शहरात नव्या कॉलनीच्या बांधकामावर विटा वाहतेत. त्या घरांच्या खालच्या टाक्या टँकरनं भरतेत. आपल्याकडं टँकर येईल तेव्हा खरा. जालना रोडच्या कडंनं नुस्ते दगड रोवलेत चुन्याचे, प्लॉट पाडलेत म्हणे. मामा म्हणतेत, शहर माझ्याकडं यायलंय, मला कुठं जायचं काम नाय.

परवा लई मोठं वावधान झालं. दुपारीच अंधारलं, धुळीत हाताला हात दिसंना. खांबाची एक तार सुटली. मामा जाऊन ती तार कमरंला गुंडाळून बसले. आम्ही ओढलं तरी उठंनात. वारा थांबल्यावर दादांनी मेख ठोकली. मी म्हणलं, मामा, जीव गेला असता. म्हणले, "पोरीचं वर्ष वाया गेलं असतं."

त्यायला एकच सुचतं आता. रत्नीचा कागद आला का, एवढंच इचारतेत. वावधानाच्या दिवसाची रेघ तुम्हाला लई रुंद दिसंल.

सत्यशीला


पुणे, १९ ऑगस्ट १९८७

वहिनी,

सरकारला घाई होती, म्हणून वर्ष पुरं व्हायच्या आधीच अहवाल लिहून झाला. जे घडलं ते तुम्हाला तसंच सांगते.

मी लिहिलं होतं की बहुतेक कोरड्या रात्री 'ड' वर्गात मोडतात, म्हणून इथं कारखाना वाढवू नये. तात्यासाहेबांनी शेवटचे शब्द खोडले.

ते म्हणाले, "कारखाना वाढवावा की नाही, हे आपल्याला कुणी विचारलेलं नाही. वारा कसा आहे आणि धोका किती अंतरापर्यंत आहे, एवढंच विचारलं आहे."

मी म्हणाले, "मग अंतर लिहू."

"लिहू. एवढ्या अंतरात मनुष्यवस्ती असू नये, असं लिहू. त्यात काही खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. पांढरमाळावर रात्री झोपणं धोक्याचं आहे, हे माझ्याच कागदांनी दाखवलं. मी सही केली. बसनं खोलीवर येईपर्यंत मला बरंही वाटत होतं. मग रात्री ते वाक्य पुन्हा वाचलं.

त्या वाक्याचे दोन अर्थ निघतात. कारखाना वस्तीपासून लांब न्यावा, हा एक. दुसरा अर्थ तुम्हाला समजेल. मी दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांकडे गेले, पण प्रती निघून गेल्या होत्या.

मामाला हे नीट समजावून सांगा. कुणी कागद घेऊन आलं तर मला कळवल्याशिवाय अंगठा देऊ नका.

रत्नमाला


पांढरमाळ, ३० नोव्हेंबर १९८७

वन्सं,

तुमचं ऑगस्टातलं पत्र मिळालं व्हतं. मागून आलेली दोन बी मिळाली. मी उत्तर दिलं नाय.

त्या पत्रातलं मी मामायला सगळं वाचून दाखवलं नाय. अहवाल गेला, पोरीनं खरं ते लिवलं, इतकंच वाचलं. दुसऱ्या अर्थाचं आलं तशी पत्राची घडी घातली. तीन-चार वाक्यं बोलली की त्यायला धाप लागते. तेवढ्या एका आशेवर बसलेला माणूस. म्हणलं, होईल ते होईल, आत्ताच कशाला.

दिवाळी झाल्यावर तहसीलचे लोक आले, कंपनीचा एक माणूस संगं व्हता. सगळ्यायला खांबापाशी बसवलं. तहसीलच्या साहेबानं वाचलं, ही जागा धोक्याची हाय, हितं माणसांनी राहू नये, सरकार तुम्हाला हर्सूलच्या पलीकडं जागा देतंय, कागदावर अंगठे द्या. बाया बोलायला लागल्या. मालनबाई म्हणली, आम्ही आधी आलोत, कंपनी मागून आली, तिला हलवा. साहेब म्हणले, हे आमचं म्हणणं नाय, शास्त्राचं हाय.

मामांनी इचारलं, "हे लिवलं कुणी?"

साहेबांनी खालची नावं वाचली. पैलं तात्यासाहेबाचं. मग तुमचं.

मामा म्हणले, "ती आमची भाची हाय." छाती काढून म्हणले, वन्सं. सगळ्यांकडं बघून म्हणले. मग साहेबाच्या हातातल्या कागदाकडं बघायला लागले. मी वाचून दाखवलेलं आन साहेबांनी वाचलेलं, दोन्ही त्यांच्या मनात जुळायला वेळ लागला. साहेबांनी परत इचारलं, तव्हा मामा म्हणले, "रत्नीनं लिवलं असंल तर खरंच असंल." आन सगळ्यांच्या आधी अंगठा दिला. मामांनी दिला म्हणल्यावर बाकीच्यायनी बी दिला.

तुम्ही म्हणला व्हता देऊ नका. मी तिथंच उभी व्हते. मला सांगता आलं असतं.

संक्रांतीच्या आत उठायचंय.

सत्यशीला


पुणे, १८ जानेवारी १९८८

वहिनी,

आपण भेटलो खरं, पण बोलणं झालंच नाही. म्हणून लिहिते.

मी आधी पांढरमाळावर आले नाही. शहरात क्रांती चौकात उतरले आणि तशीच तहसीलच्या साहेबांच्या कचेरीत गेले. बाहेर बाकावर बरंच थांबवलं. मग आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं अहवाल पुढे ठेवला आणि विचारलं, "बाई, हा चुकीचा आहे का?"

"नाही."

"तिथं राहणं धोक्याचं आहे?"

"आहे."

"मग आम्ही माणसं हलवतो आहोत. तुमची हरकत कसली?"

मी म्हणाले, कारखाना हलवा. तो चिडला नाही. म्हणाला, "सलग तीन वर्षं पीक नाही. तालुक्यातून माणसं रोज कामाला शहरात येतात. ह्या कारखान्याच्या दारात पहाटेपासून रांग असते. आता तुम्हीच सांगा, मी कुणाला हलवू शकतो?"

मी अहवाल त्याच्याकडे परत सरकवला आणि उठले. तिथून तुमच्याकडे आले तेव्हा ट्रक उभा होता. वाटेत मी मनात पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. मामा मला बघून म्हणाला, "बरं झालं आलीस. भांडी बांधायला माणूस पाहिजे." मी भांडी बांधली. तो गाठी ओढून बघत राहिला. ट्रक निघताना पुढे बसवला तर त्यानं हात वर केला, ड्रायव्हरला निघ म्हणण्यासाठी. मला वाटलं, माझ्यासाठी.

त्यानं मला रागावायला हवं होतं. तुम्हीसुद्धा. तुमच्यावर मी रागवू शकत नाही, वहिनी. मी ते वाक्य पत्रात लिहून मोकळी झाले. ते मामाच्या समोर बसून सांगायला मी यायला हवं होतं.

आमच्या लोकांनी खांब उतरवून आणला. मला आता राजस्थानात एका अशाच जागी पाठवायचं म्हणतात. मी अजून काही कळवलेलं नाही. नवी जागा कशी आहे, पाणी येतं का, मामाचं औषध मिळतं का, लिहा. दोन ओळी लिहा.

रत्नमाला


हर्सूलच्या पलीकडं, ६ मे १९८८

वन्सं,

तुमची तीन पत्रं जुन्या पत्त्यावर येऊन पडली व्हती, ती मला परवा एकदम मिळाली. त्यामुळं तुम्हाला वाटलं असंल, मुद्दाम लिवत नाय. थोडं ते बी खरं हाय.

मामा शिमग्याच्या आधी गेले. धाप वाढत गेली. इथं उतारावर नुस्ता मुरूम हाय, झाड नाय, टँकर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो आन खालच्या ओळीत संपतो. दवाखान्याला न्यायचं तर हर्सूलच्या जेलच्या पुढं चालत जावं लागतं, तव्हा रिक्षा मिळते. दादा म्हणत व्हते, रत्नाला तार करू. मीच नको म्हणलं. तुम्ही आला असता तर तुमच्याशी काय बोलायचं, मला सुचत नव्हतं. आता वाईट वाटतं. तुमचं नाव घेतलं का, असं तुम्ही इचाराल. नाय घेतलं. पाणी मागितलं. ते व्हतं घरात, दिलं.

एक गोष्ट खरी. इथं वास नाय. शेजारचं लेकरू खोकायचं, ते आता खोकत नाय.

मला काम लागलंय. कंपनीनं आपल्या माळावर झाडं लावलीत. हिरवा पट्टा म्हणतेत त्याला. नवा कारखाना उभा राहायलाय, त्याच्या भोवती झाडं पाहिजेत असा हुकूम हाय. मी रोपांना पाणी घालते. आपली चूल व्हती तिथं आता सुबाभूळ हाय. झाडायला टँकर रोज येतो, दोनदा येतो. सुटताना एक कॅन भरून घरी आणू देतेत. मुकादमीण चतुराबाई भली बाई हाय, ती बघून न बघितल्यावानी करते.

हजेरी सूर्य निघायच्या आधी. पहिल्या दिवशी मी हजेरीच्या बाबूला इचारलं, हितं माणसांनी राहू नये असं लिवलंय ना? तर म्हणला, राहायला मनाई हाय, कामाला नाय. त्या टायमाला पान हलत नाय, वन्सं. वारा तुम्ही ठेवून गेला तसाच हाय.

इथं टपालवाला येत नाय. पत्र लिवायचं तर कंपनीच्या पत्त्यावर धाडा, 'हिरवा पट्टा, हजेरी ऑफिस' म्हणून. पण गेटावर पत्र फोडून वाचतेत. मागं माझ्या संगं कामाला असलेल्या आशाबाईला तिच्या भावानं काही उलटसुलट लिवलं, दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पुकारलं नाय. तव्हा वारा, वास, अहवाल, मामा कशानं गेले, असलं काही लिवू नका. नुस्ती खुशाली लिवा. दादांच्या कॉलनीचं काम संपलंय. माझ्या कामावर घर हाय.

सत्यशीला


पुणे, २० मे १९८८

सौ. सत्यशीलावहिनींना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मामा गेल्याचं वाचून दुःख झालं. वय झालं होतं.

तुम्हाला काम मिळालं, चांगलं झालं. झाडांना रोज पाणी मिळतं हे वाचून समाधान वाटलं. सुबाभूळ लवकर वाढते, दोन वर्षांत सावली होईल. कडूबादादांनाही काही तरी मिळेल. त्यांना विचारलं म्हणून सांगा.

मी राजस्थानला जात नाही. इथंच आहे. एका शाळेत शिकवते.

यंदा सगळीकडे उन्हाळा कडक आहे. सकाळी हजेरीला जाताना एक ओलं फडकं सोबत ठेवत जा, आणि तोंडाला घट्ट बांधत जा. चतुराबाईंनाही सांगा. उन्हाला जपलेलं बरं.

तुमची,
रत्नमाला